अध्यक्ष आठवडाभर नसले तर खरेदी चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी: ९ गावं, ४१२ सभासद, प्रत्येकाचे १,००० रुपयांचे शेअर, ७ संचालक, एक सीईओ (मुख्य कार्यकारी), एक हिशेबनीस. पिकं सोयाबीन आणि हरभरा. सगळा कारभार अध्यक्ष बघतात. ते दवाखान्यात होते तेव्हा ऐन हंगामात ९ दिवस खरेदी बंद पडली. बाकीचे संचालक सह्यांपुरते येतात. सभासद बैठकीत माना डोलावतात आणि माल गावच्या व्यापाऱ्याला घालतात. नेतृत्व वाटून कसं घ्यायचं आणि सगळ्यांची तोंडं एका दिशेला कशी करायची?

प्रत्येक गोष्ट सगळ्यांनी बसून ठरवायला गेलात तर सकाळचा भाव ठरायला दुपार होईल, आणि तोवर शेतकऱ्याचा टेम्पो आडतीवर रिकामा झालेला असेल. वाटायचं असतं ते वेगळंच: कंपनीची माहिती, ठरवण्याचा अधिकार आणि बुडण्याची जोखीम. बहुतेक कंपन्या अधिकार तेवढा वाटतात, तोही ठरावाच्या कागदावर. जोखीम एकाच माणसाच्या डोक्यावर राहते आणि मग अधिकारही आपोआप त्याच्याकडे परत जातो. म्हणून सुरुवात जोखमीपासून करा.

तुमच्या आकड्यांवरच बघू. ४१२ सभासदांचे भागभांडवल ४ लाख १२ हजार. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या १०,००० उत्पादक कंपन्यांच्या योजनेत तुम्ही असाल आणि समभाग अनुदान मिळालं असेल, तर तेवढीच रक्कम आणखी (ते प्रति सभासद जास्तीत जास्त २,००० आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत मिळतं). एकूण ८ लाख २४ हजार, तेही टेबल-खुर्च्या आणि भाड्यात गेले नसतील तर. आता एक ट्रक २५ टनांचा, म्हणजे २५० क्विंटल. क्विंटलला ४,४०० च्या आसपास धरले तर ११ लाखांचा माल. माल विकत घेणाऱ्या प्लांटचे (कारखान्याचे) पैसे समजा आठव्या दिवशी येतात. म्हणजे स्वतःच्या पैशांत तुमचा एक ट्रकसुद्धा भरत नाही. दिवसाआड एक ट्रक पाठवायचा तर ४ ट्रकांचे ४४ लाख कायम अडकलेले राहणार.

हे पैसे उभे कोण करतं? अध्यक्ष. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, कधी स्वतःच्या सातबाऱ्यावर बोजा चढवून, कधी बँकेला वैयक्तिक हमी देऊन. ज्याच्या जमिनीवर बोजा आहे तो माणूस चेकबुक दुसऱ्याच्या हातात देणार नाही, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही. संचालक मंडळाने पहिल्याच बैठकीत हे उघड मांडायला हवं: कंपनीसाठी कोणी, कुठे, किती रकमेची हमी दिली आहे. ते इतिवृत्तात लिहा. नूतनीकरणाच्या वेळी ती हमी सगळ्या संचालकांनी मिळून घ्यायची की कमी करत न्यायची, ते तारखेसह ठरवा. उत्पादक कंपन्यांच्या २ कोटींपर्यंतच्या प्रकल्प कर्जाला पतहमी निधीचं (कर्ज थकलं तर बँकेला हमी देणाऱ्या निधीचं) संरक्षण मिळू शकतं. त्यासाठीचा अर्ज तयार करणं हे सीईओचं काम आहे, अध्यक्षांनी बँकेत ओळखी वापरण्याचं नाही.

दुसरा उपाय सभासदांच्या हातात आहे. मालाच्या दिवशी ७० टक्के रक्कम आणि प्लांटची पट्टी (वजन, कपात आणि रकमेचा हिशेब) आल्यावर, साधारण दहाव्या दिवशी, उरलेले ३० टक्के. उत्पादक कंपनीच्या कायद्यात देय किमतीचा काही भाग राखून नंतर देण्याची तरतूद आहे. किती राखायचा ते मंडळ ठरवतं. ४,३८२ भावाच्या ७० टक्के म्हणजे ३,०६७ रुपये. २५० क्विंटलचे ७ लाख ६७ हजार, वर वाहतूक-हमाली-बारदान्याचे साडेसत्तावीस हजार. एकूण ७ लाख ९५ हजारांच्या आत. म्हणजे तुमच्याच ८ लाख २४ हजारांत एक ट्रक कोणाचीही हमी न घेता फिरतो. आठ दिवसांचं चक्र धरलं तर दीड महिन्याच्या हंगामात ५ ट्रक, १,२५० क्विंटल. फार नाही. पण त्या पाच ट्रकांवर कोणाचा वैयक्तिक बोजा नाही, म्हणून त्यांच्यावर कोणाची मक्तेदारीही नाही. ३० टक्क्यांसाठी दहा दिवस थांबणारा प्रत्येक सभासद कंपनीला थोडं भांडवल पुरवत असतो, आणि त्याने हिशेब विचारला तर तो त्याचा हक्कच ठरतो.

इथे एक काळजी घ्या. प्लांटने कपात लावली तर ती कोणावर पडणार हे आधी ठरलेलं नसेल, तर पहिल्याच ट्रकला भांडण होतं. प्रत्येकाच्या मालातला अर्धा किलो नमुना पिशवीत घालून, हवेचा (ओलाव्याचा) आकडा लिहून, शेतकऱ्याची आणि मोजणाऱ्याची सही घेऊन, पट्टी येईपर्यंत जपून ठेवा. कपात ठरलेल्या निकषाबाहेरच्या कारणाने लागली तर नमुने उघडायचे. सगळेच नमुने नीट असतील तर कपात ट्रकमधल्या सगळ्यांवर क्विंटलप्रमाणे. एकाचाच खराब निघाला तर त्याच्यावर.

आता माहिती. एक वही घ्या आणि कंपनीच्या सगळ्या किल्ल्या त्यात लिहून काढा. गोदामाची किल्ली तर आहेच, पण खऱ्या किल्ल्या दिसत नाहीत. बँकेचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो? जीएसटी पोर्टलला नोंदवलेला नंबर कोणाचा? ट्रकसोबत लागणारं ई-वे बिल कोण काढू शकतं? डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह कोणाच्या कपाटात आहे आणि त्याची मुदत कधी संपते? टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड कोणाला माहीत आहे? प्लांटच्या खरेदी अधिकाऱ्याचा, ट्रान्सपोर्टवाल्याचा, हमालांच्या मुकादमाचा नंबर कोणाकडे आहे? कीटकनाशक विक्री परवान्यावर कोणाच्या पदवीचं नाव लागलं आहे? प्रत्येकापुढे दोन रकाने: मूळ माणूस आणि जोडीदार. तुमच्या ९ दिवसांच्या बंदमागे बहुधा असलीच एखादी किल्ली निघेल. ओटीपी अध्यक्षांच्या खाजगी सिमवर येतो आणि फोन दवाखान्यात बंद आहे, एवढ्यावर पैसे अडतात, पैसे अडले की शेतकरी थांबत नाही.

उपाय साधे आहेत. कंपनीच्या नावावर एक सिम घ्या. तो फोन कार्यालयातून बाहेर जात नाही. बँक आणि जीएसटीला तोच नंबर. बँकेत सहीचे अधिकार तिघांना, त्यांपैकी दोघांच्या सह्या, आणि त्या दोघांत एक सीईओ असलाच पाहिजे. नेट बँकिंगमध्ये रक्कम भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी वेगळी लॉगिन बँकेकडून मागून घ्या. सीईओच सुटीवर असेल तर काय, त्याचाही ठराव आधीच करून बँकेला देऊन ठेवा. ऐनवेळी ठराव आणि बँकेची मंजुरी यांत चार दिवस जातात. डिजिटल सही मात्र ज्याच्या नावाची आहे त्यानेच वापरायची असते. ती दुसऱ्याच्या हातात देऊ नका, दोन संचालकांच्या नावाने वेगवेगळ्या डिजिटल सह्या काढून ठेवा.

अधिकाराकडे वळण्याआधी कायदा काय म्हणतो ते बघू, कारण इथे चांगल्या हेतूने बऱ्याच चुका होतात. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने १९५६ च्या कंपनी कायद्यात आली. आता ती २०१३ च्या कायद्यात प्रकरण २१-अ म्हणून आहे. संचालक किमान ५, कमाल १५. सभासद व्यक्ती असतील तर शेअर कितीही असोत, मत एकच. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमणं बंधनकारक, तो सभासद नसावा, आणि तो पदसिद्ध संचालक असतो. रोजचा कारभार त्याचा, देखरेख मंडळाची. मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी आणि वर्षातून चार तरी. सूचना साधारणपणे सात दिवस आधी, आणि ती पाठवायची मुख्य कार्यकाऱ्याने. अंदाजपत्रक, हिशेब, सभासदांना द्यायचा बोनस, हिशेबतपासनीस हे विषय सर्वसाधारण सभेचे.

यातली दोन कलमं तुमच्या संचालकांना बसवून वाचून दाखवा. पहिलं ३७८-टी: कायद्याच्या किंवा नियमावलीच्या विरुद्ध असलेल्या ठरावाला ज्यांनी मत किंवा मान्यता दिली ते संचालक कंपनीचं नुकसान भरून देण्यास संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. ‘मी फक्त सही केली’ हा बचाव तिथे चालत नाही. दुसरं ३७८-यू, समित्यांचं. मंडळ हव्या तेवढ्या समित्या नेमू शकतं, पण स्वतःचे किंवा मुख्य कार्यकाऱ्याचे अधिकार समितीला देऊ शकत नाही. म्हणजे ‘खरेदी समितीने भाव ठरवावा’ असा ठराव लिहिणं चूक. बरोबर रचना अशी: भावाचं सूत्र मंडळ मंजूर करतं, त्या सूत्रात बसणारा रोजचा भाव सीईओ जाहीर करतो, आणि दोन संचालकांची समिती त्याला सकाळी सल्ला देते व संध्याकाळी तपासते. समितीचं इतिवृत्त पुढच्या मंडळ बैठकीत ठेवावं लागतं. कायद्याची ही चौकट अडचणीची वाटते, पण तिच्यामुळेच दोन गोष्टी वेगळ्या राहतात: नियम कोणी केला आणि आज तो कोणी लावला.

सूत्र म्हणजे काय ते सोयाबीनवर बघू. आकडे समजा म्हणून घ्या, तुमचे तुम्ही भरा. प्लांट पोच भाव ४,६००, अट १०-२-२, म्हणजे हवा १० टक्के, माती-काडी २, डागी २. त्यातून वाहतूक ७०, दोन्ही ठिकाणची हमाली २४, बारदाना १६, चाळणी आणि घट १ टक्का म्हणजे ४६, आठ दिवसांचं व्याज १२, कंपनीची कमाई ५०. एकूण २१८. शेतकऱ्याला ४,३८२. ही सगळी वजाबाकी गोदामाच्या दारावरच्या फळ्यावर खडूने लिहायची, कंपनीच्या ५० रुपयांसकट. लपवण्यासारखं त्यात काही नाही. व्यापाऱ्याच्या दुकानात ही वजाबाकी कुणाला दिसत नाही, तुमचं वेगळेपण एवढ्यातच आहे.

हवेचा तक्ता त्याच फळ्यावर लावा. १०० क्विंटल माल १२ हवेचा असेल तर १० वर आल्यावर ९७.७८ क्विंटल राहतो, म्हणून त्याचा भाव ४,२८५. १४ हवेचा असेल तर ९५.५६ क्विंटल राहतो, भाव ४,१८७, आणि वाळवायची मजुरी वेगळी. मीटरने तीन वेगळ्या कट्ट्यांतले नमुने घ्यायचे आणि सरासरी धरायची. मीटरचा पडदा शेतकऱ्याकडे तोंड करून. काट्यावर रोज सकाळी ५० किलोचं प्रमाणित वजन ठेवून दाखवायचं.

आणि आता बघा, नेतृत्व कुठे फुटतं. एका संचालकाच्या चुलत्याचा १०० क्विंटल माल १४ हवेचा आहे. संचालक गोदामावर येऊन म्हणतात, ‘धरा दहानेच, घरचा माणूस आहे.’ कंपनीचे ४.४४ क्विंटल गेले, साधारण साडेएकोणीस हजार रुपये. क्विंटलला ५० रुपये कमाई असेल तर ही एक मेहेरबानी ३९० क्विंटलची सगळी कमाई खाऊन टाकते. गोदामावरचा पंचवीस वर्षांचा पोरगा संचालकाला नाही म्हणू शकत नाही. त्याच्या हातात तक्ता आणि मंडळाचा लेखी नियम असेल तर म्हणू शकतो: ‘दादा, तक्त्याबाहेर मला जाता येत नाही, तक्रार वहीत लिहा, उद्या समिती बघेल.’ खरेदीच्या काळात संचालकाने काट्याजवळ उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, हाही नियम लेखी हवा. संचालकाचं म्हणणं बैठकीत, गोदामावर हुकूम सीईओचा. एवढी एक रेष पाळली तरी अर्धी भांडणं कमी होतात.

बाकी अधिकारांचा तक्ता एका पानाचा असू द्या. तुमच्या आकाराच्या कंपनीला साधारण असं चालेल: १०,००० पर्यंतचा किरकोळ खर्च सीईओ स्वतः, १०,००० ते १ लाख सीईओ, पण अंदाजपत्रकात बसत असेल आणि दोन संचालकांना आधी लेखी कळवून, त्यावर मंडळ. उधारी देण्याचा अधिकार कुणालाच नाही, अध्यक्षांनाही नाही. एखाद्या संचालकाने शब्द दिला म्हणून खत उधार गेलं की ती वसुली शेवटी कंपनीची राहत नाही, त्या दोन माणसांच्या संबंधांची होते.

सात संचालकांना कामं वाटताना ‘खरेदी तुमच्याकडे, विक्री त्यांच्याकडे’ असं सरळ वाटप केलं की प्रत्येकाचं एक संस्थान तयार होतं. प्रत्येक विषयाला एक पाहणारा आणि एक जोडीदार द्या, आणि दर वर्षी जोडीदार पुढे सरकून पाहणारा व्हावा. सगळे एकदम बदलू नका. एका हंगामात दोनच विषयांची माणसं बदला. पाहणारा म्हणजे व्यवस्थापक नव्हे. त्याने महिन्याला पाच-सहा ठराविक आकडे तपासायचे आणि बैठकीत स्वतः मांडायचे: विक्री पाहणाऱ्याने किती ट्रक गेले, किती पट्ट्या यायच्या राहिल्या, सर्वांत जुनी थकबाकी किती दिवसांची, हिशेब पाहणाऱ्याने बँक आणि रोख यांचा मेळ. सीईओने सगळं वाचून दाखवायचं आणि संचालकांनी ऐकायचं, असं होत राहिलं तर दोन वर्षांनीही ते सह्यांपुरतेच राहतील. स्वतःच्या तोंडाने आकडा सांगावा लागला की माणूस आदल्या दिवशी तो बघून येतो.

बैठकीबद्दल थोडंच. महिन्याची तारीख पक्की. विषय पाचाच्या वर नाहीत. प्रत्येक निर्णयापुढे काय, कोण, कधीपर्यंत. इतिवृत्त उठण्याआधी वाचायचं. आणि अध्यक्षांनी प्रत्येक विषयावर सर्वांत शेवटी बोलायचं. हा नियम करून बघा. अध्यक्ष पहिल्यांदा बोलले की बाकीच्यांचं मत तिथेच संपतं, विशेषतः अध्यक्ष वयाने मोठे आणि गावात वजनदार असतील तर. व्हॉट्सअॅपवर अंगठे गोळा करून घेतलेला निर्णय हा निर्णय धरू नका. तिथे निरोप द्या, ठराव नको.

आता दिशा. दिशा म्हणजे भिंतीवरचं ध्येयवाक्य धरलं तर सगळे होच म्हणतील. सभासदाला समजेल असा एक आकडा शोधा, ज्याच्यावर कंपनी तरते किंवा बुडते. तुमचा आकडा असा निघतो. केंद्राच्या त्याच योजनेतून सीईओला महिना २५,००० आणि हिशेबनीसाला १०,००० पर्यंत मदत मिळते, पण तीन वर्षंच. त्यानंतर वर्षाचे ४ लाख २० हजार कंपनीने कमवायचे. क्विंटलला ५० रुपयांनी त्यासाठी ८,४०० क्विंटल लागतात. तुमच्या सभासदांकडे सोयाबीन आहे किती? सरासरी ३ एकर, एकरी ७ क्विंटल धरले तर ४१२ जणांचं ८,६५२ क्विंटल. म्हणजे नुसत्या सोयाबीनवर कंपनी चालवायची तर जवळजवळ प्रत्येक सभासदाचा प्रत्येक कट्टा कंपनीकडे यायला हवा. ते होणार नाही. पहिल्या हंगामात चौथा हिस्सा आला तरी चांगलं म्हणायचं: २,१६३ क्विंटल, १ लाख ८ हजार. हरभरा १,२०० क्विंटल, ६० हजार. खत-बियाण्यांची ४० लाखांची विक्री ४ टक्क्यांनी, १ लाख ६० हजार. बेरीज ३ लाख २८ हजार. ९२ हजार कमी पडतात.

हे ९२ हजार कुठून आणायचे, ही तुमच्या कंपनीची दिशा ठरवणारी चर्चा आहे. चाळणी भाड्याने द्यायची? बियाणं तयार करायचं? सोयाबीनचा हिस्सा वाढवायचा? की हिशेबनीस अर्धवेळ ठेवायचा? उत्तर कोणतंही असो, ते सभासदांनी निवडलेलं असलं पाहिजे. संचालक मंडळाने ठरवून वार्षिक सभेत टाळ्या घेतल्या तर हंगामात कोणालाही त्याची आठवण राहत नाही.

म्हणून गावपातळीवर बसा. १५ ते २० सभासदांचा एक गट धरला तर तुमचे सुमारे २४ गट होतात. प्रत्येक गटाचा एक प्रमुख, आणि तो संचालकाचा नातेवाईक नको. खरिपाच्या पेरणीआधी, एप्रिल-मेमध्ये, प्रत्येक गटाची दीड तासाची बैठक. वरचा हिशेब कागदावर नेऊन समोर मांडायचा, मग प्रत्येकाला विचारायचं: सोयाबीन किती एकर, घरी बियाण्याला किती ठेवणार, कंपनीला किती क्विंटल, ७०-३० चालेल का. आणखी एक प्रश्न, पण तो चारचौघांत विचारायचा नाही: व्यापाऱ्याची उचल घेतली आहे का? ज्याने पेरणीला उचल घेतली त्याचा माल मळणी होताच व्यापाऱ्याच्या दारात जाणार, तिथे त्याचा नाइलाज आहे. सभेत मान हलवून नंतर माल न देणारे बहुतेक हेच असतात. त्यांना गद्दार ठरवण्यापेक्षा, उचल सोडून उरणारा माल किती तेवढाच आकडा लिहून घ्या. खोट्या ३,००० क्विंटलपेक्षा खरे १,२५० बरे. प्लांटशी सौदा खऱ्या आकड्यावर होतो. शिवाय माल लगेच विकायचा नसेल त्याला बाजार समितीमार्फत पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सांगा: सोयाबीनला किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याजाने, १८० दिवसांसाठी.

खळ्यावर माल वाळवण्याचं काम पुष्कळ घरांत बायका करतात, पण बैठकीला पुरुष येतात. हवेचा तक्ता ज्यांच्यापर्यंत पोहोचायला हवा त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही. गटाची बैठक संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ठेवू नका आणि मीटर सोबत न्या.

चर्चा आणि निर्णय वेगवेगळ्या दिवशी ठेवण्याचा फायदा गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवला आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणारं हे गाव. तिथे विषय आधी अभ्यासगटात उलगडला जातो, बाहेरचा जाणकारही तिथे बोलतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते आणि तो सर्वसहमतीने घेते. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागे अशी वर्षानुवर्षांची बैठक होती. तुमच्या कंपनीसाठी यातून घ्यायचं ते एवढंच: गटबैठकीत फक्त समजून घ्यायचं आणि आकडे लिहायचे, निर्णय पंधरा दिवसांनी गटप्रमुखांच्या एकत्रित सभेत. सर्वसहमतीचा आग्रह मात्र दिशा ठरवण्यापुरताच. रोजचा भाव, ट्रक, मजुरी यांत ती आणली तर काम थांबेल. गटप्रमुखांच्या सभेला कायद्याने अधिकार नाही. तिचा कागद मंडळाने स्वीकारायचा आणि अंदाजपत्रक म्हणून सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा. बहुतेक कंपन्यांची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये, म्हणजे सोयाबीन काढणीच्या तोंडावर येते. सभेला सभासदांच्या एक चतुर्थांश उपस्थितीची गणपूर्ती लागते, तुमच्याकडे १०३. गटांत आधी चर्चा झालेली असेल तर तेवढे लोक हजेरीसाठी गोळा करावे लागत नाहीत.

बिघडतं कुठे, तेही सांगायला हवं. अनुदानाची तीन वर्षं संपली की सीईओ सोडून जातो आणि ज्ञान त्याच्यासोबत जातं. किल्ल्यांची वही त्यासाठीच आहे. संचालक दोन-तीन गावांतले, एकाच भावकीतले किंवा एकाच पक्षाचे असले की बाकीची गावं कंपनी त्यांची समजतात. पुढच्या निवडीत गावनिहाय जागांचा विचार करा. एखादा संचालक स्वतः आडत किंवा कृषी सेवा केंद्र चालवत असतो आणि सगळ्यांना ते माहीत असूनही कोणी बोलत नाही. कायदा इथे स्पष्ट आहे: कंपनीच्या धंद्याशी ज्याचा धंदा टक्कर घेतो तो सभासदच राहू शकत नाही. हे कटू आहे, विशेषतः तो माणूस कंपनीच्या स्थापनेपासूनचा असेल तर. तरी पहिल्या वर्षीच मिटवा. कंपनीचा भाव त्याच्या दुकानात आदल्या रात्री पोहोचत असताना विश्वास बसणार कसा?

अध्यक्षांशी बोलताना सुरुवात त्यांच्या हमीपासून करा. ‘तुम्ही सगळं हातात ठेवलंय’ असं म्हणालात तर ते राजीनामा पुढे करतील आणि गाव त्यांच्या बाजूने उभं राहील. ‘तुमच्या जमिनीवरचा बोजा दोन हंगामांत उतरवायचा आहे, त्यासाठी काय काय आमच्याकडे द्याल?’ असं विचारलंत तर ते स्वतःच वही पुढे करतील. आतापर्यंत कंपनी त्यांच्या खांद्यावर उभी आहे हे खरंच आहे, आणि ते बैठकीत कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं.

क्रम असा धरा. या महिन्यात सिम, सहीचे अधिकार आणि किल्ल्यांची वही. एप्रिल-मेमध्ये गटबैठका, जूनमध्ये सूत्र आणि अधिकारांचा तक्ता मंडळात मंजूर. सप्टेंबरच्या सभेत अंदाजपत्रक. ऑक्टोबरमध्ये पहिला ट्रक ७०-३० वर. तो ट्रक आणि त्याची पट्टी सुरळीत झाली की दुसऱ्या ट्रकच्या वेळी अध्यक्षांनी ठरवून पाच दिवस गोदामाकडे फिरकायचं नाही आणि फोनही घ्यायचा नाही. त्या पाच दिवसांत जे जे अडेल ते हिशेबनिसाने वेळ घालून वहीत लिहायचं: कोणती सही मिळाली नाही, कोणता नंबर सापडला नाही, कोणी कोणाला विचारायचं हे कळलं नाही. पुढच्या मासिक बैठकीची विषयपत्रिका म्हणजे तेच पान.